ब्याऐंशी किलोंवर बसवलेला दिवा

मी जादा दिवा बोलतोय. कारखान्यातून निघताना गाडीला पुढे दोन दिवे असतात. मी त्यांतला नाही. गाडी वाईट रस्त्याला जाणार असं ठरलं की मला वेगळा आणून लावतात. त्यामुळे चांगल्या रस्त्याशी माझा फारसा संबंध आला नाही. त्याचं दुःख नाही.

माझं शिक्षण नाही. काचेवर बारीक अक्षरं कोरली आहेत, ती मला वाचता येत नाहीत. काम मात्र येतं. काच पिवळी, पाठ पत्र्याची, बसायची जागा बंपरच्या खालच्या अंगाला. माझा उजेड लांब जात नाही, आडवा पसरतो. त्याला वरून एक कड आहे, सुरीनं कापल्यासारखी सरळ. धुक्यात सगळं या कडेवर असतं. कड खाली राहिली तर रस्ता दिसतो. वर गेली तर उजेड धुक्यावर आपटून परत येतो आणि समोर नुसता पांढरा पडदा. मग दिवा असून नसल्यासारखा. नसलेला बरा.

मला एक जोडीदार आहे. तो उजवीकडे, मी डावीकडे. चाळीस वर्षांत आम्ही एकमेकांशी बोललेलो नाही. दोघांनाही पुढे बघायचं काम आहे.

पहिला मालक शहरातला हौशी माणूस होता. त्याच्या गाडीवर आम्ही आठ दिवे होतो. दर रविवारी तो आम्हाला पुसायचा आणि भर दुपारी पेटवून शेजाऱ्यांना दाखवायचा. शेजारी "वा" म्हणायचे आणि सावलीत जायचे. त्या गाडीला चिखल लागलेला मी दोनदा पाहिला. एकदा गल्लीतला पाइप फुटला होता. दुसऱ्यांदा त्यानं स्वतःच्या हातानं लावला, फोटोसाठी. पुढे त्याला दुसरा छंद लागला. आम्ही दोघं एका पोत्यातून मिस्त्रीकडे आलो.

मिस्त्री गाड्यांच्या वायरिंगचं काम करायचा. दुकान म्हणजे एक शटर, समोर फरशीचं सपाट अंगण, आणि अंगणाच्या टोकाला एक पांढरी भिंत. त्या भिंतीला तो दरवर्षी स्वतः चुना लावायचा. तिला कोणी सायकल टेकवली की तो काही बोलायचा नाही. सायकल उचलून रस्त्यात नेऊन ठेवायचा.

दिवे लावणारे पुष्कळ आहेत. भोक पाडायचं, नट आवळायचा, वायर जोडायची, दिवा लागला की संपलं. मिस्त्रीचं काम तिथून सुरू व्हायचं. गाडी भिंतीपासून पंचवीस फुटांवर उभी करायची. भिंतीवर दिव्याच्या उंचीला खडूची एक रेघ, तिच्याखाली दोन बोटं सोडून दुसरी. उजेडाची कड खालच्या रेघेवर बसली पाहिजे. आणि त्या वेळी गाडीत रोजची माणसं, रोजच्या जागी, रोजच्या सामानासकट बसलेली पाहिजेत. मागे वजन पडलं की गाडीचं नाक वर होतं, आणि नाकाबरोबर दिवाही. भिंतीवर दोन बोटं वर, तर तीनशे फुटांवर हातभर वर.

लोक हसायचे. लग्नाच्या फोटोला बसावं तशी अख्खी कुटुंबं त्या अंगणात गाडीत बसलेली मी पोत्याच्या भोकातून पाहिली आहेत. मिस्त्री कोणालाही उतरू द्यायचा नाही. एका आजोबांना शिंक आली तर त्यानं ती होऊ दिली आणि माप पुन्हा घेतलं.

मग जावई आला.

जावई हा डोंगराकडच्या दवाखान्याच्या जीपचा चालक. लग्नानंतर तो सासूच्या घरी राहायला आला, म्हणून सगळा भाग त्याला जावईच म्हणायचा. सासूबाई त्याच दवाखान्यात नर्स होत्या. म्हणजे घरी सासू तीच आणि जीपमध्ये साहेब तीच. आठ वर्षं एका घरात राहून दोघं एकमेकांना अहो-जाहो करत. तो त्यांच्यासमोर मोठ्यानं खोकलाही नसेल.

नर्सबाई आठवड्यातून एकदा वरच्या वस्तीत दवाखाना उघडायच्या. रस्ता दगडमातीचा, एका बाजूला दरी, आणि वर्षाचे तीन महिने धुकं. त्या मोसमात दोन वेळा जीप अर्ध्यातून परत फिरली होती. खाली आरोग्य खात्याच्या कचेरीतल्या साहेबांनी कागद पाठवला होता: तिसऱ्यांदा दहाच्या आत वरच्या हजेरीवर सही झाली नाही, तर वरचा दवाखाना बंद. वस्तीतल्या लोकांनी खाली यावं. खाली यायला पायी चार तास लागतात. साहेब कधी पायी आले नव्हते.

जावई म्हणाला, "मिस्त्री, धुक्याचे दिवे पाहिजेत. उद्याच वर जायचंय."

मिस्त्रीनं आम्हाला पोत्यातून काढलं. बॅटरीपासून जाड वायर ओढली, मध्ये फ्यूज घातला, बंपरला दिवा धरायचा लोखंडी कंस ठोकला. मग म्हणाला, "आता माणसं बसव."

"मीच आहे. आणि मागे आमच्या सासूबाई बसतात, त्यांची पेटी घेऊन. पेटी आणलीय."

"सासूबाई कुठायत?"

"लसी देतायत. आज त्यांना हलता येणार नाही."

"मग उद्या ये."

"उद्या सकाळी तर जायचंय. त्यांच्या जागी वाळूचं पोतं ठेवा ना."

मिस्त्रीनं आयुष्यात पोतं ठेवलं नव्हतं.  पण त्याला तो कागद माहीत होता, सगळ्यांनाच माहीत होता. शेवटी म्हणाला, "वजन किती त्यांचं?"

आता नर्सबाई अंगानं भरलेल्या होत्या. मागच्या बाकाच्या अगदी टोकाला त्या बसल्या की जीपचे थकलेले स्प्रिंगचे पाटे कण्हायचे. हे जावयाला रोज ऐकू यायचं. पण शेजारी गिरणीवाला उभा होता, दळणाला आलेल्या दोन बायका उभ्या होत्या. जावयानं मान खाली घातली आणि म्हणाला, "असतील पंचावन्न."

"नक्की?"

"पंचावन्नच. जास्त नाही."

गिरणीच्या काट्यावर पंचावन्न किलो वाळू मोजली गेली. कड खालच्या रेघेवर बसली. मिस्त्रीनं नट आवळला. नट चांगला आवळला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता नर्सबाई मागे चढल्या. जीपचं नाक वर झालं आणि त्याबरोबर मीही. मला तेव्हाच कळलं. पण दिव्याला विचारतो कोण?

अर्ध्या चढाला धुकं लागलं. जावयानं आम्हाला पेटवलं आणि समोर पांढरा पडदा उभा राहिला. विझवलं तर काळंकरडं. पुन्हा पेटवलं, पुन्हा पडदा. जीप बैलगाडीच्या गतीनं चालली होती. तेवढ्यात वरून दुधाचा टेम्पो आला. आमचा उजेड त्याच्या थेट डोळ्यांत. तो दरीकडे ओढला गेला, मग ब्रेक लागले, मग कॅन एकमेकांवर आपटल्याचा आवाज. दोन्ही बंपरांत वीतभर जागा उरली. ती वीत मी जवळून पाहिली.

दूधवाला उतरला. "दिवे आहेत का तोफा?"

"मिस्त्रीनं बसवलेत," जावई म्हणाला.

"मिस्त्रीनं? मग दारू पिऊन बसवले असतील."

मागून नर्सबाईंचा आवाज आला. "ते पीत नाहीत आणि चुकतही नाहीत. त्यांनी मला बोलावलं कसं नाही?"

जावई काचेवरचा दमटपणा पुसू लागला.

"मी विचारतेय."

"तुम्हाला वेळ नव्हता, आई. तुमच्या जागी वाळूचं पोतं ठेवलं होतं."

"किती किलोचं?"

"पंचावन्न."

"कोणी सांगितलं पंचावन्न?"

"मी."

 दूधवाल्यानं टायर तपासायला सुरुवात केली. टायरला काही झालेलं नव्हतं.

"माझं वजन ब्याऐंशी आहे," नर्सबाई म्हणाल्या. "दर महिन्याला करते. या पेटीत काय आहे, जावईबापू?"

"औषधं."

"आणि?"

"काटा."

"आठ वर्षं वजनाचा काटा उचलून गाडीत ठेवताय. एकदा विचारायचं होतं."

"तुमचं वजन चारचौघांत कसं सांगणार, आई?"

"दरीत पडल्यावर चार नाही, चाळीस जणांनी उचललं असतं. मग कळलंच असतं सगळ्यांना."

दूधवाला हसला आणि लगेच थांबला.

सव्वाआठ झाले होते. परत फिरलं तर दवाखाना बंद. तसंच पुढे गेलं तर पुढच्या वळणावर काय होईल ते सांगायला नको. दूधवाला म्हणाला, "वरच्या वळणाला दूध गोळा करायची खोली आहे. अंगण सपाट आहे, भिंत पांढरी आहे. तेवढं चला, मी पुढे चालतो." त्यानं टेम्पो डोंगराच्या अंगाला लावून वाट मोकळी केली. आम्हाला विझवलं. तो बॉनेटवर हात ठेवून पुढे चालला, जीप मागून. एवढंसं अंतर, अर्धा तास लागला.

खोलीपाशी जावई घाईनं उतरला आणि नर्सबाईही उठू लागल्या. "बसा, आई," तो म्हणाला. आठ वर्षांत त्यानं त्यांना पहिल्यांदा हुकूम केला. "तुम्ही उठलात तर सगळं फुकट." त्या बसल्या.

खडू नव्हता. नर्सबाईंनी पेटीतून चिकटपट्टीचं रीळ आणि पोरांची उंची मोजायची पट्टी खिडकीतून बाहेर दिली. पंचवीस फूट त्या पट्टीनं मोजले. भिंतीवर चिकटपट्टीच्या दोन रेघा. चालकाच्या जागी दूधवाला बसला, कारण जावयाच्या हातात पाना होता आणि तिथेही माणूस लागतो हे जावयाला मिस्त्रीनं शिकवलं होतं.

"तुमचं वजन?" जावयानं दूधवाल्याला विचारलं.

"सत्तर."

"माझ्याएवढंच. खरं?"

"काटा आहेच की आत. काढू?"

मला पेटवलं. धुकं अंगणातही होतं, पण पंचवीस फुटांत कड दिसत होती. ती वरच्या रेघेच्याही वर होती. जावयानं नट सैल केला आणि मला नाकाला धरून खाली वाकवू लागला. बघणाऱ्या होत्या नर्सबाई, मागच्या खिडकीतून मान बाहेर काढून. "खाली. अजून. अजून थोडं. मला बघून लाजू नका, भिंतीकडे बघा. पुरे. आवळा." मग जोडीदाराचं.

खोलीपासून वर मी रस्ता दाखवला. मोठेपणा सांगत नाही, जे झालं ते सांगतो. खड्डा, दगड, कठड्याची कड, सगळं. वर पांढरं, खाली रस्ता, मध्ये माझी रेघ. दहाला सात मिनिटं कमी असताना नर्सबाईंनी हजेरीवर सही केली. बाहेर नऊ बायका बसल्या होत्या, त्यांतल्या दोघींचे दिवस भरत आले होते. अकरा वाजता धुकं उठल्यावर साहेब तपासायला आले. हजेरी बघितली. नर्सबाईंनी त्यांचंही वजन केलं आणि मोठ्यानं सांगितलं.

जावई दोन दिवसांनी मिस्त्रीकडे गेला. सासूबाईंना बरोबर घेऊन गेला आणि खरं काय ते सांगितलं. मिस्त्रीनं जीप भिंतीसमोर लावली, त्यांना मागे बसवलं, रेघा मारल्या. कड खालच्या रेघेवर, केसभरही इकडे तिकडे नाही.

"कोणी बसवला?"

"आईंनी."

मिस्त्रीनं नटाला हात लावला नाही. त्या दिवसापासून त्याच्या दुकानात पोतं आलं नाही.

पुढे सोळा मोसम आम्ही वर गेलो. वरचा दवाखाना चालू राहिला. माझी काच एकदा तडकली, दोनदा बल्ब गेला. नटाला कोणी हात लावला नाही.

तीन वर्षांपूर्वी नर्सबाई गेल्या. छातीत दुखलं आणि गेल्या. नवी नर्स आली, चणीनं बारीक. ती मागे बसली की जीपचं नाक खाली, आणि माझा उजेड बंपरच्या पुढे दहा पावलांत संपायचा. मिस्त्री आता म्हातारा झाला आहे. तो म्हणाला, "आण, दोन मिनिटांत वर करून देतो."

"नको," जावई म्हणाला. "आईंच्या वजनावर बसवलाय."

मग तो नव्या नर्सकडे गेला आणि चारचौघांत विचारलं, "ताई, वजन किती तुमचं?"

तिनं हातातली पेटी खाली ठेवली.

"दिव्यांसाठी विचारतोय."

"अठ्ठेचाळीस."

"काट्यावर उभ्या राहा."

अठ्ठेचाळीसच होतं. जावयानं चौतीस किलो वाळू मोजली, पोतं शिवलं आणि मागच्या बाकाच्या टोकाला, नर्सबाई बसायच्या त्या जागी ठेवलं. अठ्ठेचाळीस आणि चौतीस. हिशेब बरोबर आहे. उजेड पुन्हा रेघेवर आला.

आता दवाखान्याला नवी गाडी मिळाली आहे. तिचे दिवे म्हणे आपोआप खाली-वर होतात. होत असतील. जीप विकायला काढली आहे. काल एक घेणारा येऊन बघून गेला. त्याला वरच्याच रस्त्याला भाजी वाहायची आहे. त्यानं दारं उघडली, टायरला लाथ मारली, आम्हाला पेटवून बघितलं, आणि पोत्याकडे बोट दाखवून विचारलं, "हे कशाला?"

जावयानं पोत्याचा कोपरा सारखा केला. मग म्हणाला, "असू द्या."

दुसरं काही तो सांगणार नाही. म्हणून मी सांगतो. माझी काच पुसली नाही तरी चालेल. नट गंजला आहे, गंजू दे. भाजी बाकाच्या अलीकडे ठेवा, आणि जास्त झाली तर मिस्त्रीकडे जाऊन खरं वजन सांगा. पण मागचं पोतं काढू नका. ती जागा रिकामी नाही.