ओल्या मेंढ्यांचा दिवस

मेंढीची लोकर वरून कोरडी दिसली तरी आत ओल असू शकते. बोटांनी भांग पाडून दोन पेरं खाली जावं आणि लोकर जिथे पिवळसर, तेलकट होते तिथे बोटाची मागची बाजू टेकवावी. तळहाताला न कळणारी ओल तिथे कळते.

ब्रोडीने बोट टेकवलं, काढलं, पुन्हा टेकवलं.

"अरे, मेंढी आहे ती, पाळणा नाही," शेजारचा म्हातारा डंकन ओरडला. "लक्ष आहे कुठे तुझं? किराकडेच ना?"

किराचे दिवस भरत आले होते. ती तीन तासांवर कॅस्टर्टन गावात घरी होती आणि ब्रोडी इथे, सात कातरणाऱ्यांच्या टोळीत, लोकर कातरायच्या शेडवर. रात्री छपराखाली ठेवलेल्या मेंढ्या सकाळच्या दोन तासांत कातरून झाल्या होत्या. आता बाहेरच्या कुंपणातल्या आत आणल्या होत्या आणि पहाटे तिकडे सर येऊन गेली होती. चहा झाला की मत पडणार होतं. ओल्या ठरल्या तर त्या दिवशी कातरणं बंद. मेंढ्या ओल्या की कोरड्या, हे मुकादम ठरवत नाही, मालकही नाही. कातरणारे चिठ्ठ्या टाकतात.

मुकादम कोल कप घेऊन ब्रोडीसमोर उभा राहिला. "मोठ्या शेडचं काय ठरलं? सोमवारी सुरू होतेय. तुझी जागा महिनाभर अडवून ठेवलीय मी."

"सांगतो."

"हेच ऐकतोय महिनाभर. ती जागा एकदा गेली ना लेका, की पुढच्या वर्षी मिळेलच असं नाही."

ब्रोडीने केकचा तुकडा तोंडात कोंबला, म्हणजे उत्तर द्यायला नको. सोमवारी गेला तर बाळ जन्मेल तेव्हा तो कुठल्या तरी मेंढीचं पोट कातरत असणार. नाही गेला तर घरभाडं थकणार. नव्या बापाला किंवा जोडीदाराला दोन आठवड्यांचा सरकारी भत्ता मिळतो, हे किराने शोधून काढलं होतं. दोघांनी स्वयंपाकघरात बसून हिशेबही मांडला होता. बाळाआधीच्या वर्षभरात कामाचे जेवढे तास लागतात, त्यांच्या दुप्पट भरले होते. गाडी अडली ती खंडावर. कामाच्या दोन दिवसांमध्ये आठ आठवड्यांहून जास्त अंतर पडता कामा नये, असा नियम होता. ब्रोडीचं एका शेडवरचं काम मार्चअखेर संपलं होतं आणि दुसरीवरचं सुरू झालं ते थेट जूनच्या मध्यावर. किराने पेन ठेवलं होतं आणि ती म्हणाली होती, "राहू दे. तू जा शेडला."

तिने 'जा' म्हटलं होतं, म्हणूनच त्याला 'जातो' म्हणवत नव्हतं.

डंकनने टोपी फिरवली. चिठ्ठ्या पडल्या. नेरिडाने त्या उलगडल्या. ती लोकरीची प्रतवारी करणारी बाई. तिला मत नव्हतं, म्हणून मोजायचं काम तिच्याकडे.

"ओल्या. पाच विरुद्ध दोन."

"झालं!" डंकनने पंचा खांद्यावर टाकला. "चला घरी. आज काम नाही."

"काम नाही?" नेरिडा टेबलावरच्या ढिगाकडे बोट करत म्हणाली. "मग सकाळपासून मी इथे काय चिवडतेय? माझ्या आजीचे केस?"

सगळे हसले. ब्रोडी हसला नाही. तो असा ताडकन उठला की चहा बुटांवर सांडला.

"नेरिडा! तू तुझ्या जावयाच्या भत्त्याचं सगळं बघितलं होतंस ना? कामाचा दिवस कशाला म्हणतात? किती काम केलं की दिवस धरतात?"

"एक तास. पगारी हवा पण."

"डंकन, मे महिन्यात आपण वॉलनच्या शेडवर गेलो होतो."

"गेलो आणि हात हलवत आलो. मेंढ्या ओल्या ठरल्या. काम कुठे झालं?"

"ठरल्या कधी? पहिल्या चहाला! त्याआधी काय करत होतो आपण?"

डंकनने मान खाजवली. "खरंच की रे. माझ्या कातरायच्या मशीनच्या फणीचा दात तिथेच तुटला. दोन तास कातरत होतो!"

"आणि मी किराला सांगितलं, त्या दिवशी काम झालं नाही म्हणून!" ब्रोडीने कपाळावर हात मारून घेतला. "ओल्या ठरल्या की आपण दिवसच धरत नाही ना!"

नेरिडा भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी पोचलीसुद्धा होती. लोकरीच्या तेलाने चकाकणारं तिचं बोट मार्चच्या शेवटच्या ओळीवरून खाली आलं, मेमध्ये थांबलं, पुढे जूनपर्यंत गेलं. मग परत मागे येऊन तिने तेच पुन्हा मोजलं.

"इकडून सहा आठवड्यांच्या आत. तिकडूनही सहाच्या आत. आठ कुठेच भरत नाहीत. त्या दोन तासांचे पैसे मिळाले होते?"

"कोल, दिले होतेस ना?"

"म्हणजे काय! मी कुणाचे बुडवतो का?" कोल फणकारला. "पगाराचा कागद आहे माझ्याकडे, लागला तर देतो."

"मग बसतोस तू नियमात," नेरिडा म्हणाली. "बाकीचं ते तपासतील. पण एक सांगते, त्या दोन आठवड्यांत काम अजिबात नाही. एकसुद्धा मेंढी नाही. अर्धी सुट्टी, अर्धं काम असलं काही चालत नाही."

"असं कुठे असतं?" कोलने कप खाली ठेवला. "सोमवारी मोठी शेड सुरू होतेय!"

कुंपणात एक मेंढी खोकली. ब्रोडीच्या खिशात फोन थरथरला. किराच असणार. रोज याच वेळी ती विचारायची: कोलला सांगितलंस का? त्याने फोन काढला नाही. कोलच्या पाठीमागे रांगेतली तिसरी जागा दिसत होती. चार वर्षं इथे आणि मोठ्या शेडवरही तिसरी जागा त्याचीच होती, इथली फळी तर त्याच्या बुटांनी गुळगुळीत झाली होती. तरी त्याच्या तोंडावरचं हसू काही केल्या आवरत नव्हतं.

"कोल," तो म्हणाला, "मी सोमवारी येत नाही. दोन आठवडे मी घरी असणार, किराजवळ आणि बाळाजवळ. माझी जागा दुसऱ्या कुणाला तरी दे."