सहा तांबे पाणी

पनवेलच्या बाजारात आमच्या डॉक्टरांचा दवाखाना होता आणि मी तिथला कंपाउंडर, काशिराम. तपासायचे डॉक्टर, पण गुण येतो तो माझ्या हाताला, असं निम्म्या तालुक्याला वाटायचं. ती समजूत मी कधी खोडून काढली नाही. पुड्या बांधताना मी दोन शब्द बोललो की माणसाचा चेहरा उजळायचा, नाहीतर उतरायचा. खरं सांगायचं तर उतरलेला मला जास्त आवडायचा.

एकोणीसशे एकोणपन्नासच्या चैत्रात तुळशीराम आला. आगरी गडी, चाळिशीचा, उलव्याकडच्या मिठागरावर कामाला. लघवीला आग, कंबरेखाली ठणका, अंगात ताप. डॉक्टरांनी पडद्यामागे नेऊन बोट घालून तपासलं, तेव्हा तो इतका ओशाळला की बाहेर आल्यावर माझ्याकडेही बघेना. डॉक्टरांनी त्याला नीट समजावलं. प्रत्येक पुरुषाला मूत्राशयाखाली सुपारीएवढी एक ग्रंथी असते, ती सुजली आहे. बाहेरख्यालीपणाचा इथे काही संबंध नाही. उपाय दोन. मुंबईला जाऊन पेनिसिलीन घ्यायचं, म्हणजे आठ दिवस खाटेवर पडून दर तीन तासांनी सुई. नाहीतर इथल्या इथे सल्फाच्या गोळ्या. मिठाचा हंगाम ऐन भरात होता, मुंबईला जाऊन पडला असता तर कामावर दुसरा गडी उभा राहिला असता. तुळशीरामने गोळ्या पत्करल्या.

पथ्य सांगणं माझं काम, आणि ते मी चोख केलं. दर चार तासांनी दोन गोळ्या, बरोबर सोड्याची पुडी आणि दिवसाला सहा तांबे पाणी. त्यात एकही कमी चालायचा नाही.

"मिठागरात पाणी आटलं की मीठ धरतं ना?" मी म्हटलं. "तसं पाणी कमी पडलं तर या गोळीचे खडे तुझ्या मूत्रपिंडात धरतील. मग लघवीच बंद."

मिठाच्या माणसाला ते लगेच समजलं. मान हलवून तो सोड्याच्या पुड्या मोजून घ्यायला लागला.

त्याची बायको भामा बाहेरच्या बाकावर बसली होती. तो बैलगाडी बघायला गेला तशी ती खिडकीशी आली आणि दुखणं काय म्हणून विचारायला लागली. त्याने तिला काहीच सांगितलं नव्हतं, आणि कसल्या तोंडाने सांगणार होता? मी म्हटलं, पुरुषांचं दुखणं आहे. मग खालच्या आवाजात तिने विचारलं, "बाईकडनं लागतं तसलं हाय काय?"

मी हसलो. हसलो आणि म्हणालो, "आता आम्ही काय बोलायचं!"

बस, एवढंच. तिचा चेहरा असा उतरला की मला दिवसभर पुरला. माझा तिच्यावर राग होता का? नव्हता. तुळशीरामने माझं काही वाकडं केलं होतं का? तेही नाही. काही वैर असतं तर निदान सांगायला तोंड राहिलं असतं.

भामाने घरी गेल्या गेल्या त्याचा तांब्या वेगळा केला, अंथरूण ओटीवर टाकलं. संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळलं की तुळशीरामला बाहेरच्या बाईकडून लागणारा परमा झालाय. गोड्या पाण्याची विहीर गावापासून पाऊण कोसावर, चैत्रात तळाला गेलेली. पाणी भरायचं ते बायकांनी, हा तिथला रिवाज. पाझराची वाट बघत बसायचं आणि दोन हंडे घेऊन घरी यायचं. त्यातले चार घोट तरी अशा नवऱ्याला का द्यायचे, असं भामाला वाटलं. ती सकाळी एक तांब्या द्यायची, संध्याकाळी एक. त्याने आणखी मागितलं तर म्हणायची, "जिच्याकडनं दुखनं आनलं, तिच्याकडनं पानी पी."

एकदा तो स्वतःच कळशी घेऊन विहिरीवर गेला. बायका दूर सरल्या, आणि गावचा पंच बळीराम याने त्याला दोरीला हात लावू दिला नाही. विहीर बाटली तर गाव कुठे जाणार, हा त्याचा सवाल. मग तुळशीराम दिवसभर उन्हात, गुडघाभर खाऱ्या पाण्यात उभा राहून मीठ ओढत राहिला. गोळी मात्र त्याने एकही चुकवली नाही. दुखणं गेलं की आळही जाईल, असं त्याला वाटत होतं.

हे सगळं त्यानेच मला सांगितलं. सहाव्या दिवशी तो गोळ्या न्यायला आला तेव्हा ताप उतरला होता, ओठ फुटले होते. लघवी दिवसातून एकदा आणि तीही तांबूस, म्हणाला. डॉक्टर गावी गेले होते, दुसऱ्या दिवशी येणार होते. तुळशीरामने माठातलं पाणी घटाघटा प्यायला सुरुवात केली. चौथ्या पेल्याला मी माठावर झाकणी ठेवली. म्हटलं, दवाखान्याचं पाणी आहे, बाकीच्यांनाही लागतं.

"कंपाउंडरदादा, येक चिठी लिवा," तो म्हणाला. "माजं दुखनं बाईकडनं नाय, येवढंच लिवा. गावात मास्तर वाचून दावतील."

दोन मिनिटांचं काम होतं. कागद समोर होता, टाक समोर होता. पण चिठी गेली की भामा येणार, डॉक्टरांसमोर उभी राहणार, आणि मी हसलो ते निघणार. मी म्हटलं, सही डॉक्टरांची लागते, परवा ये. आणि चोवीस गोळ्या मोजून त्याच्या हातात दिल्या. तांबूस लघवीचा अर्थ मला माहीत होता.

तिसऱ्या दिवशी त्याला बैलगाडीतून आणलं. तोंड सुजलेलं, डोळे मिटलेले. दोन दिवस लघवी झाली नव्हती. डॉक्टरांनी नळी घातली, थेंब आला नाही. पाणी किती पीत होता, त्यांनी विचारलं.

"दोन तांबे," भामा म्हणाली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "मी यांना इचारलं व्हतं. हे हसले."

डॉक्टर माझ्याकडे वळले. मी शांतपणे म्हटलं, "पथ्य मी तुमच्यासमोर सांगितलं होतं, डॉक्टर. सहा तांबे." ते खरंच होतं. हसण्याची कोणी साक्ष काढत नाही. डॉक्टर तिच्यावरच चिडले. नवऱ्याचं दुखणं साधं होतं, पाणी मिळतं तर आज तो कामावर असता, असं त्यांनी तिला सगळ्यांदेखत सांगितलं.

ती गाडीकडे गेली आणि हंडा घेऊन आली. काठोकाठ भरलेला. पहाटे विहिरीवर जाऊन, मांडीवर धरून आणला होता. तुळशीरामने डोळे उघडले आणि म्हणाला, "पानी."

तिने तांब्या बुडवला. डॉक्टरांनी तिचा हात धरला. आता एक थेंबही नको, म्हणाले, बाहेर पडायला वाट नाही, छातीत पाणी भरेल. तिने पदराचं टोक भिजवून त्याच्या ओठांवर धरलं आणि तो ते चोखत राहिला. मुंबईला न्यायला मोटार मिळेपर्यंत दुपार झाली, आणि तोवर तो गेला होता.

हंडा तिने नेला नाही. माठ रिकामा होता, म्हणून ते पाणी मी त्यात ओतलं. चार दिवस पुरलं.