माझं दूध, माझं रक्त

मी उंदरीण बोलतेय. बिळातली, पोती कुरतडणारी नाही. प्रयोगशाळेतल्या मांडणीवर, पिंजऱ्यात वाढलेली, काळ्या केसांची, खानदानी. खानदान म्हणजे काय, तर आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या भावाबहिणींचीच जोडी लावतात. त्यामुळे आम्ही सगळ्या एका साच्यातल्या, आणि आमचं दुखणंही एकच. आमचं रक्त आपल्याच तांबड्या पेशींना शत्रू समजून त्यांच्यावर उठतं. माझी आई पांढरीफटक पडून, कोपऱ्यात धापा टाकत गेली. तिच्याकडे बघून साहेब म्हणाले होते, "छान, दुखणं वेळेवर लागलं."

मी पहिलटकरीण झाले तेव्हा मला काही म्हणजे काही येत नव्हतं. घरटं बांधायचं, मोडायचं, पुन्हा बांधायचं. आमच्या पिल्लांची कातडी इतकी पातळ, की पोटात गेलेलं दूध बाहेरून पांढरं दिसतं. मी एकेकाचं पोट बघत बसायची. पांढरं दिसलं तरी धीर नव्हता. पुरेसं पांढरं आहे का, ही नवी काळजी.

दुसऱ्याच दिवशी साहेबांच्या हाताखालची ताई आली आणि तिनं माझी पिल्लं उचलली.

"हिची शेजारच्या निरोगी पांढरीकडे, पांढरीची हिच्याकडे," साहेब म्हणाले. "आजार दुधातून जातो की रक्तातून, एकदाचं कळू दे. आणि आधी हिच्या भुशात नीट घोळव त्यांना, नाहीतर खाईल ती."

"वास आला की फसेल, सर? आपली-परकी कळत नसतील?"

"आई आहे ती, शास्त्रज्ञ नाही."

मला कळलं होतं. भुशाच्या वासाखाली परका वास होता. पण त्यांची पोटं रिकामी होती, म्हणून मी आडवी झाले. पाजताना मात्र जीव थाऱ्यावर नसे. माझ्या दुधातच रोग असेल, तर मी दुसरीच्या लेकरांना घोटाघोटानं विष पाजत होते. नाही पाजलं, तर उपाशी मरतील.

पिल्लं मोठी झाली. ताईनं प्रत्येकाच्या शेपटीतून थेंब काढला, काचेवर औषधात मिसळला आणि काच हलवून पाहिली. ज्याचं रक्त कण्या धरेल, तो आजारी.

"गोऱ्यांचं स्वच्छ आहे, सर. काळ्यांचं मात्र नासलेल्या दुधासारखं फुटलंय. तिकडे पांढरीकडे वाढूनसुद्धा."

"म्हणजे दूध निर्दोष सुटलं. दोष पिढीजात आहे."

सांगायला लाज वाटते, पण आधी मला हायसं वाटलं. माझं दूध चांगलं होतं. माझ्या पोटची पोरं आजारी निघाली, हे मागाहून ध्यानात आलं.

"मग या गोऱ्यांचं काय करू?" ताईनं विचारलं.

"त्यांचं काम झालं. पिंजरे मोकळे कर."

"इतकी धडधाकट आहेत हो, सर."

"धडधाकट आहेत म्हणूनच. त्यांचं काय लोणचं घालायचंय?"

वायूची पेटी टेबलावरच असते. गोऱ्यांतला थोरला आपणहून ताईच्या हातावर चढला, खाऊ मिळेल म्हणून तिचा हातमोजा चाटू लागला. झाकण लागलं. फुस्स एवढाच आवाज. मग तिनं हात धुतले आणि साहेबांना विचारलं, "चहा सांगू?"

माझ्या आजारी पोरांना त्या दिवशी नवा भुसा मिळाला. ती कामाची आहेत.

आता साहेबांनी माझ्याकडे पांढरा नर सोडलाय. "कितीजणांत दुखणं उतरतं बघू," ते ताईला म्हणाले. "ज्यांच्यात उतरणार नाही, ती ठेवायची नाहीत."

माझ्या अंगात फारसं रक्त उरलेलं नाही, पण दिवस गेलेत. तुम्ही माणसं लेकरांच्या उशाशी बसून त्यांना बरं वाटावं म्हणून हात जोडता. मी कशासाठी जोडू, तेवढं सांगून जा. पोटात वळवळ सुरू झालीय. मी एकेकाला आतल्या आत बजावतेय: आजारी हो, बाळा. एवढं आईचं ऐक.