मुक्या चित्राचा गळा

मस्तगडाच्या पायथ्याशी तंबू ठोकून बसलेल्या चित्र-कंपनीवर त्या आठवड्यात विलक्षण पेच ओढवला होता. चित्र एका लाजाळू गवयाचे. परंतु ते मुके. पडद्यावरच्या गवयाने ओठ हलवावेत आणि पडद्यामागे बसून कंपनीच्या गायकाने प्रत्यक्ष गावे, असा रिवाज. जालन्यात पाऊल ठेवताच त्या गायकाचा घसा असा बसला की, पाणीही तो खुणेने मागू लागला.

कंपनीचे व्यवस्थापक नरहरपंत सकाळी शहराबाहेरच्या विहिरीवर स्नानास गेले, तेथे त्यांना पुंजारामचा आवाज सापडला. पुंजाराम मोट हाकीत होता. त्याने सूर लावला की बैल आपण होऊन उताराला लागत आणि मोट वर येई. गाणे थांबले की तेच बैल मागच्या पावली चढण चढून पूर्वस्थळी येत. चाबूक त्याने कधी हाती धरलाच नव्हता. मात्र बांधापलीकडे माणसाचे डोके दिसले, की त्याचा कंठ मिटे. भजनातही तो नुसते ओठ हलवी.

"पाटील, आजचा खेळ तुम्हीच तारायचा," पंत म्हणाले.

"न्हाई जमायचं, पंत. माणूस दिसलं की जीभ टाळूला चिकटती."

"अहो, माणूस दिसणारच नाही. मध्ये पडदा आहे."

"अन् बैलं? त्यांच्याबिगर मला गाणं येत न्हाई."

पंतांनी कपाळावर हात मारला. पण गरजवंताला अक्कल नसते. "बैलही आणा!"

भाकरी घेऊन आलेली चतुराबाई, पुंजारामची कारभारीण, हे सारे ऐकत उभी होती. "एकवीस वर्सं संसार केला," ती म्हणाली, "बैलांला गाणं, अन् मला नुसतं हूं! आज मी बिलकुल येणार. पडद्याआडून का होईना, ऐकू द्या एकदा. न्हाईतर मोटंचा बैल का न्हाई झाले म्हणून झुरंन."

पुंजाराम पायाच्या अंगठ्याने माती उकरू लागला. तिला ऐकवावे, ही त्याचीही एकवीस वर्षांची आस होती. आडवी येई ती तिची नजर. पडदा असेल तर जमेल, असे त्याला प्रथमच वाटले.

दिवेलागणीला तंबू खच्चून भरला. पडद्यामागे चांद्या आणि हौश्या हे बैल जू घेऊन, पडद्याकडे पाठ करून उभे राहिले.  पुंजारामने ज्या हातांनी आयुष्यभर जुवाचा नाडा मागे मोटेला बांधला, त्या हातांनी तो सवयीने मागच्या बांबूलाच पक्का बांधला. तो बांबू पडद्याचा होता.

पडद्यावरचा गवई देवळाच्या खांबाआड दडला आणि त्याचे ओठ हलले. पंतांनी खूण केली. पुंजारामने डोळे मिटून सूर लावला. तंबूतला गलबला जागच्या जागी विरला. कोणीतरी "वा!" म्हणाले, आणि गाणे कानी पडताच बैल इमानाने चालू लागले.

बांबू उखडला. पडदा एका बाजूने सुटून धुळीत लोळला आणि यंत्राचा झोत थेट बैलांवर पडला. चांद्याच्या पांढऱ्या पाठीवर गवई ओठ हलवू लागला. जालनेकरांनी असे चित्र जन्मात पाहिले नव्हते. हास्याचा कल्लोळ उसळला. पुंजारामने डोळे उघडून मागे पाहिले. बायकांच्या बाजूला, पहिल्याच रांगेत, चतुराबाई!

त्याचा सूर तुटला. गाणे थांबले, तेव्हा मोट रिकामी झाली असे समजून बैल मागच्या पावली प्रेक्षकांवर येऊ लागले. पहिल्या रांगा ओरडत उठल्या. "अरे, आवरा! जनावरं आली!"

"अवं, गा की!" चतुराबाई उभी राहून ओरडली. "गाणं थांबलं की बैलं मागं येत्यात! गा जल्दी, माणसं तुडवतेत!"

पुंजाराम तिच्याकडे पाहतच राहिला. मग, दुसरा मार्गच नसल्यामुळे, त्याने तिच्याकडे पाहतच सूर उचलला. पहिली ओळ कापत निघाली; दुसरी सरळ झाली. बैल थबकले, पुन्हा पुढे चालू लागले. लोक खाली बसले, हसू ओसरले. कंपनीच्या पेटीवाल्याने घाईघाईने स्वर धरला. चतुराबाईने पदर तोंडाला लावला होता, पण डोळे काही खाली घेतले नाहीत. आणि नवल असे की, ते डोळे पुंजारामला आज बोचत नव्हते.

दरम्यान पंतांनी नाडा सोडला आणि बैल अलगद बाहेर नेऊन कडब्यापाशी बांधले. तिसऱ्या कडव्याच्या शेवटी पुंजारामने वळून पाहिले. तेथे बैल नव्हते. तो गोंधळून थांबला. बैलांवाचून आपण इतका वेळ कोणासाठी गात होतो, हे त्याच्या ध्यानात येईपर्यंत तंबूत कोणी खोकलेसुद्धा नाही.

"काय झालं?" चतुराबाईने बसल्या जागेवरून विचारले. "मी हाय न्हवं हितं? म्हणा फुडं."

पुंजारामने चौथे कडवे धरले.