बन्सीलालची बारा व्होल्टची अक्कल

आपला नवरा गावभर अक्कल वाटत फिरतो, म्हणूनच घरात ती शिल्लक राहत नाही, असं सिंधुबाईचं लग्नापासूनचं मत. सोलरची बॅटरी आली आणि त्या मतावर शिक्का बसला.

बॅटरी आली होती ती सिंधुबाईच्या पेटीसाठी. लोणखेड्यातल्या घराच्या मागच्या खोलीत तिने अंडी उबवायची पेटी मांडली होती. बल्बची ऊब आणि एक पंखा. वीज गेली की पेटी बॅटरीवर चालायची. पहाडातल्या कौसाबाईने आपल्या गावठी कोंबड्यांची चाळीस अंडी जीपमध्ये मांडीवर धरून खाली आणली होती. पिल्लं निघाली तर पाड्यातल्या सगळ्या बाया अंडी देणार होत्या. मेली, तर सिंधुबाईचं नाव पहाडात कुणी काढणार नव्हतं.

शहाद्याच्या सोलरवाल्या तौफिकने बॅटरी इन्व्हर्टरला खेटून ठेवली आणि जाड, आखूड केबल जोडली.

"भाभी, ही बाराच व्होल्टची. व्होल्ट कमी तर करंट जास्त. केबल जाडच पाहिजे, अन् जितकी आखूड तितकी बरी. ठिबकच्या नळीतून पाटाचं पाणी जाईल का?"

सिंधुबाईने कान देऊन ऐकलं. तिचा नवरा बन्सीलाल ऐकत नव्हता, कारण तो तेव्हा तौफिकलाच बॅटरी म्हणजे काय ते समजावत होता.

तौफिकची पाठ वळली आणि बन्सीलालला चैन पडेना. एवढी चकचकीत वस्तू मागच्या खोलीत कोण बघणार? त्याने ती ओसरीवर आपल्या खुर्चीशेजारी आणून मांडली, वर झेंडूचा हार घातला. केबल तिथवर पुरेना, तर घरात पडलेली बारीक वायर ओसरीपासून मागच्या खोलीपर्यंत ओढली. जाड केबल लावली ट्रॅक्टरच्या स्टार्टरला, आणि वर मिशीवर हात फिरवला.

सिंधुबाई कडाडली, तेव्हा त्याने चार शेजारी गोळा केले आणि बॅटरीच्या दोन्ही टोकांवर दोन हात ठेवले.

"दखा! लागना का शॉक? जी मुंगीइतकी चावत नही, तिले अंगठाइतकी केबल कसाले?"

शेजाऱ्यांनी माना डोलावल्या. या माना अशाच, कुठेही डोलतात मेल्या.

अंडी फुटायच्या बेतात होती, त्या कडाक्याच्या थंडीत सकाळीच वीज गेली. इन्व्हर्टर जरा वेळ टीं-टीं करत ओरडला आणि बंद पडला. पुन्हा लावला, पुन्हा बंद. बाहेर ओसरीवर बॅटरी गच्च भरलेली, आणि आत पेटीत अंधार!

"कंपनी चोर शे," बन्सीलालने निकाल दिला.

सिंधुबाईने वायरला हात लावला तर चटका बसला. तौफिकची ठिबकची नळी ती हीच. पेटीची काच थंड पडत चालली होती. दोन अंड्यांना टिचलेली भोकं होती आणि त्यांतून चोची हलत होत्या. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि पाण्याआधी संताप.

"शर्टची बटनं सोडा."

"काय?"

"सोडा म्हणतसू ना! बठा खाटवर."

तिने चाळीसच्या चाळीस अंडी त्याच्या पोटाशी, मांडीवर रचली आणि वरून दोन गोधड्या टाकल्या. "आते हालनात ते अंडा फुटतीन."

मग ती पाना घेऊन अंगणात गेली. ट्रॅक्टरचं बॉनेट उघडल्याचा आवाज आला.

"काय करी ऱ्हायनी व? मन्हा ट्रॅक्टरले हात लावू नको!" तो जरासा उठला, गोधडीत काहीतरी टक्कन वाजलं, आणि तो होता तसाच थिजला.

आरडाओरडा ऐकून तेच चार शेजारी आले. खाटेवर उघड्या पोटाचा, श्वास रोखून बसलेला बन्सीलाल त्यांनी पाहिला. या वेळी एकाचीही मान डोलली नाही. एकाने मात्र फोन काढून फोटो घेतला.

मुलगा भूपेश हार काढून बॅटरी आत घेऊन आला. जाड केबल जागेवर बसली. इन्व्हर्टर एकदाच टीं म्हणाला आणि पेटीतले बल्ब भक्क पेटले. सिंधुबाई एकेक अंडं उचलून आत ठेवू लागली. शेवटी गोधडीच्या घडीत तिला टरफलं लागली. मग हाताला काहीतरी ओलं, मऊ, चिवचिवणारं लागलं.

पिल्लू तळहातावर घेऊन तिने नवऱ्याकडे पाहिलं.

"इतला वरीसमा तुमनं हे पहिलं काम व्हयनं. तेबी गप बठीसन."