बिनपात्यांचा डेक

बाबांना माझं नाव आठवायला वेळ लागतो, पण आमचा गवत कापायचा ट्रॅक्टर कुठल्या गिअरला कण्हतो ते पाठ आहे. जन्मभर मशिनं दुरुस्त केलेला माणूस. आई गेल्यापासून घरामागचं मैदान कापणं एवढंच काम उरलंय त्यांना. गेल्या महिन्यात पाती फिरत असतानाच ते काटकी काढायला खाली उतरले. बुटाचं टोक गेलं, बोटं वाचली. वर म्हणतात, "बूट जुनाच होता."

ट्रॅक्टर बंद केला तर माणूस अंथरूण धरणार, चालू ठेवला तर पाय जाणार. इकडे आड, तिकडे विहीर. शेवटी मी कुरळ्याला बोलावलं. बाबांच्या हाताखाली शिकलेला हा मेकॅनिक आता पार टकला झालाय, तरी बाबांच्या लेखी तो कुरळ्याच.

त्याने भंगारातून दुसरा डेक आणला. डेक म्हणजे ट्रॅक्टरच्या पोटाखालचा पत्रा, ज्यात पाती फिरतात. त्यातली पाती काढून कुरळ्याने बोथट लोखंडी चकत्या बसवल्या.

"पट्टा फिरला पाहिजे, आवाज आला पाहिजे," तो हळूच म्हणाला. "वस्तादांचे कान अजून शाबूत आहेत."

डेक दुसऱ्या मशीनचा, त्यामुळे टांगायच्या पट्ट्या जुळेनात, नवी भोकं पाडावी लागली. जुना डेक गंजला म्हणून बदलतोय, असं बाबांना सांगितलं होतं. ते स्टूल टाकून समोरच बसले. "कुरळ्या, बोल्ट आधी हाताने लाव. पान्याची कसली घाई?" शेवटचा बोल्ट तर त्यांनी स्वतः खाली हात घालून आवळला. इतके खुशीत ते कित्येक महिन्यांत दिसले नव्हते. बिचारे स्वतःच्याच फसवणुकीला हातभार लावत होते, आणि मी त्यांना चहा देत होते. मला माझीच चीड आली.

तेव्हापासून सकाळी ते मैदानभर फिरतात. गवत वाकतं आणि पुन्हा उभं राहतं. दुपारी त्यांचा डोळा लागला की मी हाताने ढकलायचं, बिनइंजिनाचं मशीन घेऊन तेच मैदान कापते. कंबरडं मोडतं, पण आवाज होत नाही.

काल ट्रॅक्टरवर चढता चढता ते थांबले.

"कुंपणाकडची कड राहते तुझी," ते म्हणाले. "वळताना मशीन उचलू नकोस."

माझ्या तोंडचं पाणीच पळालं. "कधी कळलं तुम्हाला?"

"बोल्ट आवळताना. हात खालीच होता की."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही दोघं एवढं मन लावून करत होतात."

किल्ली फिरवून ते निघाले आणि गवताची एक काडीही न कापता सगळं मैदान फिरून आले. त्यांच्या विसरण्यावर मी रोज वैतागते. काल मात्र दारात उभी राहून एवढंच मागत होते, की हे तरी विसरू देत.

आज सकाळी चहाचा कप खाली ठेवत त्यांनी विचारलं, "कड कापलीस?"