पाप काढणारा झरा

झऱ्यापाशी मुंगी शिरायला जागा नव्हती. देशोदेशीचे प्रवासी ओंजळी पसरून उभे होते आणि झरेबाबांची जीभ पाण्याहून सैल सुटली होती.

"पोट बिघडलं? भाग्यवान आहात! जितकं पाप, तितके जुलाब. औषध घ्याल तर पाप आतच कुजेल!"

लोक माना डोलवत होते. डॉक्टरीणबाई मात्र गर्दीतून मागे फिरल्या. त्यांच्या थोरल्या जाऊबाई हेच भाग्य भोगत आश्रमाच्या खोलीत पडल्या होत्या. डोळे खोल गेलेले, ओठ कोरडे ठाक. मीठ-साखरेचं पाणी पुढे केलं की तोंड फिरवायच्या.

"नको गं. बाबा म्हणाले, सगळं निघून जाऊ दे."

"अहो, पाप नाही, अंगातलं पाणी निघून चाललंय!"

शेजारच्या खोलीतल्या म्हाताऱ्या प्रवाशाला सकाळीच चादरीत गुंडाळून नेलं होतं. "मुक्त झाले," सेवक शांतपणे म्हणाले आणि खोली धुऊन नव्या पाहुण्याला दिली.

सेवकांना मात्र कधीच काही होत नव्हतं. डॉक्टरीणबाई स्वयंपाकघरात डोकावल्या. चुलीवर पाण्याचं मोठं पातेलं खळखळ उकळत होतं.

"हे कुणासाठी?"

"आमच्यासाठी," आचारी बोलून गेला आणि त्याने जीभ चावली.

डॉक्टरीणबाई मागच्या दाराने बाहेर पडल्या. म्हणजे यांना सगळं ठाऊक होतं! चढावर पाहुण्यांचे संडास, उतारावर झरा. त्यांनी बाजारातून कापडाचा हिरवा रंग आणला, संडासात ओतला आणि वर बादल्यांनी पाणी सोडलं.

संध्याकाळी झरा हिरवागार वाहू लागला.

"कोप! तुमच्यात कुणी महापापी आहे!" बाबा गरजले. माणसं एकमेकांकडे संशयाने पाहू लागली. कुणीतरी दगड उचलला.

"पापी मीच," डॉक्टरीणबाईंनी हिरवे झालेले हात वर केले. "हा रंग मी दुपारी वरच्या संडासात ओतला. ज्या वाटेने रंग आला, त्याच वाटेने रोज घाण येते. सेवक का आजारी पडत नाहीत? ते उकळलेलं पाणी पितात. विचारा आचाऱ्याला!"

आचाऱ्याची मान खाली गेली. ओंजळी गळाल्या. कुणी ओकू लागलं. बाबांनी कधी काढता पाय घेतला, कळलंच नाही.

खोलीच्या खिडकीतून सगळं ऐकलेल्या जाऊबाईंनी मीठ-साखरेच्या पाण्याचा पेला उचलला आणि त्या घोट घोट पिऊ लागल्या.

बाहेर एक बाई अजून बाटली भरत होती. "रंग काय, खाली बसेल," ती पुटपुटली.

डॉक्टरीणबाईंनी तिचं मनगट धरलं. "रंग बसेल, जंतू नाही बसायचे. परक्या गावी पाणी उकळून प्या, हात साबणाने धुवा, बर्फ टाळा. जुलाब झाले तर मीठ-साखरेचं पाणी पीत राहा. ताप आला, रक्त पडलं, तर थेट डॉक्टर गाठा. बाई, जंतूला पाप-पुण्य कळत नाही. आपल्याला विचार करता येतो, तेवढा तरी करा."